लडाखचं बटरकप खरंच वर सरकलं का? जुन्या हर्बेरियम नोंदी वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लडाख आणि स्पितीमधल्या रॅननक्युलस लोबेटस या उंचावरच्या पिवळ्या बटरकपच्या आणि त्याच्या जवळच्या जातींच्या हर्बेरियम नोंदी, म्हणजे वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या नोंदी, जीबिफ या जागतिक जैवविविधता डेटाबेसवरून उतरवून घेतल्या. १९०० पूर्वीच्या नोंदींची सरासरी उंची काढली, १९८० नंतरच्या नोंदींची काढली. नव्या नोंदी काही शे मीटर वर निघाल्या. हवामान तापल्यामुळे ही वनस्पती वर सरकली, असं प्रबंधात लिहिता येईल का?

या सरासरीवरून तरी नाही. वनस्पती वर सरकली नसेल, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या हातात आलेला फरक वनस्पतीचा आहे की तिला गोळा करणाऱ्या माणसांचा, हे या तक्त्यातून कळूच शकत नाही. माझी बरीच वर्षं अशाच शीटांवर, म्हणजे वाळवलेली रोपं चिकटवलेल्या कागदांवर, गेली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आधी वनस्पतीबद्दल. मोरवेल आणि निळवंती ज्या कुळातल्या, त्याच कुळातलं हे बोटभर उंचीचं रोप. लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. महाबळेश्वरला जुलैत एवढा पाऊस एका दिवसात होतो. अशा मुलखात बटरकप कसं जगतं? ते पावसावर जगतच नाही. ते वितळणाऱ्या बर्फाच्या पायथ्याशी असतं, टोकपोच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला असतं, झऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या दाट, बुटक्या हिरवळीत असतं. लडाखीत त्या हिरवळीला स्पांग म्हणतात. स्पांगवरून दोन पावलं बाजूला गेलात की कोरडी खडी लागते आणि तिथे एकही बटरकप दिसत नाही. म्हणजे या रोपाचा पत्ता डोंगराच्या उंचीपेक्षा पाण्याशी जास्त बांधलेला आहे. पाणी खाली उतरलं तर रोपही त्याच्यामागे खाली येतं. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

आता तुमच्या जुन्या नोंदी. त्यांतल्या बऱ्याच टॉमस टॉमसनच्या असणार, कारण लडाखचा पहिला मोठा वनस्पतिसंग्रह त्याचाच आहे. १८४७ मध्ये तो सीमा आयोगाबरोबर सिमल्याहून किन्नौर, स्पिती, पारंग ला (ला म्हणजे खिंड), हानले असा लेहला पोचला. पुढच्या वर्षी झांस्करमार्गे पुन्हा आला आणि ऑगस्टमध्ये काराकोरम खिंडीपर्यंत गेला. नंतर त्याचे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकरचे नमुने एकत्र करून त्यांचे संच जगभरातल्या हर्बेरियमांना वाटले गेले. त्या वाटपासाठी जी छापील लेबलं केली, तिथेच आपली पंचाईत सुरू होते. लेबलवर लॅटिनमध्ये एवढंच असतं: ठिकाण ‘टिबेट ऑक्सिडेंटॅलिस’, म्हणजे पश्चिम तिबेट, प्रदेश उष्ण, समशीतोष्ण की आल्पाइन, उंची ‘१२ ते १६,००० पेदेस’, म्हणजे फूट, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. गाव नाही, दिवस नाही, कित्येकदा वर्षही नाही.

हा ‘पश्चिम तिबेट’ म्हणजे आजचा तिबेट नव्हे. त्या काळच्या भाषेत त्यात लडाख, झांस्कर, नुब्रा, बाल्टिस्तान, स्पिती हे सगळं यायचं. संगणकाने किंवा घाईत असलेल्या माणसाने ‘तिबेट’ वाचून ठिपका ठेवला की तो चीनमध्ये जाऊन पडतो. तुमच्या नकाशावर ल्हासाच्या आसपास एकटेच पडलेले काही बटरकप दिसत असतील तर त्यांच्या लेबलांचे फोटो उघडून बघा.

उंचीचं गणितही करून बघा. १२,००० फूट म्हणजे सुमारे ३,६६० मीटर आणि १६,००० फूट म्हणजे सुमारे ४,८८० मीटर. दोन टोकांत बाराशे मीटरांचं अंतर आहे. हजार मीटरला तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं, तर या एका लेबलच्या पोटात सात-आठ अंशांचा फरक सामावलेला आहे. डेटाबेसमध्ये कुणी या पट्ट्याचा मध्य घेतला असेल, कुणी खालचा आकडा तेवढा भरला असेल. तुम्ही शोधत आहात तो काही शे मीटरांचा फरक आणि या नोंदीची स्वतःची अनिश्चितता त्याच्या तिप्पट-चौपट. अशा नोंदी सरासरीत घालणं म्हणजे गोणी तोलायच्या काट्यावर सोनं मोजणं.

शिवाय ती उंची मोजली कशी, हाही भाग आहे. त्या काळी डोंगरात पाणी उकळून, ते किती अंशांना उकळतं यावरून उंची काढत. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंश सेल्सियसने उतरतो. वाचनात अर्ध्या अंशाची चूक झाली की उंची दीडशे मीटर चुकली. टॉमसन काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता, त्याच्याबद्दल मला आदर आहे. तरीही साधनाची मर्यादा ती मर्यादाच.

टॉमसनच्या बाबतीत एक दिलासा आहे. १८५२ मध्ये त्याने आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं, ‘वेस्टर्न हिमालया अँड टिबेट’. त्यात मुक्काम, तारखा, वाटेत दिसलेल्या वनस्पती, कुठल्या ओढ्याकाठी काय होतं, हे सगळं दिवसागणिक येतं. लेबल मुकं असलं तरी पुस्तक बोलतं. शीटवर फुलं आहेत की पिकलेली फळं, हे बघायचं, पुस्तकातल्या वाटेवर तो त्या दिवसांत कुठे होता हे बघायचं, आणि शक्यता एकेक करून कमी करत जायचं. सगळ्या शीटांचा उलगडा होणार नाही. पण जिचा होईल ती नोंद खरोखर वापरण्याजोगी असेल.

दुसरा खड्डा तारखेचा. त्यात मी स्वतः पडलो आहे. ह्यू फाल्कनर १८३८ मध्ये काश्मीरमार्गे बाल्टिस्तानात गेला होता. त्याचे नमुने लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या तळघरात वर्षानुवर्षं पडून राहिले, त्यांतले बरेच सडले, आणि कंपनीचं राज्य संपल्यानंतर लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाने उरलेले १८६० च्या दशकात वाटले. लेबलवर ठळक छापलेलं वर्ष दिसतं ते या वाटपाचं. माझ्या पहिल्या यादीत मी तेच संकलनाचं वर्ष म्हणून भरलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी शांतपणे विचारलं, “फाल्कनर भारतातून कधी गेला?” तो १८५५ मध्ये गेला होता. एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने जवळजवळ पंचवीस वर्षं इकडची तिकडे झाली होती. त्या दिवसापासून तारखेच्या रकान्यात काही भरायच्या आधी मी गोळा करणाऱ्याचा प्रवास तपासतो, आणि तुम्हीही तो तपासावा असं मनापासून सांगतो.

श्लागिंटवाइट बंधूंची लेबलं याच्या अगदी उलट. १८५४ ते १८५७ या काळात हे तिघे जर्मन भाऊ इकडे होते. त्यांतला अॅडॉल्फ काश्गरमध्ये मारला गेला. त्यांची छापील लेबलं लांबलचक आहेत, प्रांत, मार्ग, दिवस सगळं देतात. फक्त पुष्कळदा ठिकाण म्हणून ‘अमुक मुक्कामापासून तमुक मुक्कामापर्यंत’ असं असतं. म्हणजे ती नोंद बिंदू नाही, दिवसभराच्या चालीची रेघ आहे. मधे खिंड असेल तर त्या रेघेत हजार मीटरची चढउतार सहज असते. रेघेच्या मध्यावर ठिपका ठेवला तर तो कोरड्या कड्यावर पडेल, आणि रोप मात्र खालच्या ओढ्याकाठी मिळालेलं असेल.

आणि जुळे नमुने. एकाच दिवशी एकाच जागी उपटलेली रोपं पाच-सहा शीटांवर लावून पाच-सहा हर्बेरियमांत जातात. प्रत्येक संस्था आपापली शीट स्कॅन करते, आपापल्या समजुतीने अक्षांश-रेखांश देते. जीबिफवर त्या सहा वेगळ्या नोंदी दिसतात आणि तुमची सरासरी एकाच ओढ्याला सहा मतं देते. गोळा करणारा, त्याचा क्रमांक आणि तारीख जुळवून हे आधी एकत्र करा. क्रमांक नसलेल्या टॉमसनच्या शीटांना हे जमत नाही. त्या एका बाजूला वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

आता नाव. इथे जरा जास्त थांबतो, कारण प्रबंधात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते दिसत नाही.

रॅननक्युलस लोबेटस या नावापुढे दोन माणसं लिहिली जातात, जाकमाँ आणि काँबसेद. व्हिक्तोर जाकमाँ हा तरुण फ्रेंच निसर्गअभ्यासक १८३० मध्ये किन्नौर-स्पितीत आणि पुढच्या वर्षी काश्मिरात हिंडला. तिथून उतरून राजपुताना, मग पुण्यामार्गे मुंबईला आला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईतच वारला. वय ३१. संग्रह पॅरिसला गेला आणि त्याने ठरवलेलं नाव काँबसेदने वर्णनासह छापलं. दोन नावांचा अर्थ हाच: सुचवलं एकाने, प्रसिद्ध केलं दुसऱ्याने. मुंबईत शिकलेल्या आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की हिमालयातल्या या छोट्या पिवळ्या फुलाचा धागा त्या शहराशी असा जोडलेला आहे? मला ते कळलं तेव्हा ती शीट एकदम जवळची वाटायला लागली. व्यवहाराची गोष्ट अशी, की लोबेटस म्हणजे नेमकं काय याचा वाद पडला तर निवाडा पॅरिसच्या संग्रहातल्या जाकमाँच्या नमुन्यावरच होणार. त्या संग्रहाच्या प्रतिमा ऑनलाइन आहेत. तुमच्या इतर शीटा त्याच्याशी ताडून बघा.

कारण शीटांवरच्या नावांवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नाही. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या १८७० च्या दशकातल्या मांडणीनुसार कितीतरी हिमालयीन रोपांना ‘रॅननक्युलस अफिनिस’ हे नाव लागलं. ते नाव मुळात आर्क्टिक अमेरिकेतल्या नमुन्यांवरून दिलेलं आहे. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतली काही रॅननक्युलस पुल्केलस या जातीत घातली, काही इतरत्र. रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलेला रॅननक्युलस हिर्टेलस तर इतका बदलता आहे की कमी वेळ असलेला माणूस न ओळखलेलं सगळं त्यातच ढकलतो. खारट, दलदलीच्या काठावर धावत्या फांद्यांनी पसरणारी, उभ्या शिरांच्या फळांची रोपं आता हालेर्पेस्टिस या वेगळ्या प्रजातीत गेली आहेत, पण जुन्या शीटांवर ती रॅननक्युलसच आहेत. पुष्कळ पाकळ्यांचं ऑक्सिग्राफिस, तेही एकेकाळी रॅननक्युलस होतं. आणि नुसतं ‘रॅननक्युलस, लडाख’ असं शोधलं असेल तर डबक्यात तरंगणारी पांढऱ्या फुलांची जातसुद्धा यादीत आली असेल. खारट दलदल खालच्या सपाटीवर, ऑक्सिग्राफिस वरच्या बर्फाजवळ. नावांची गल्लत झाली की उंची आपोआप हलते, त्याला हवामान लागत नाही.

म्हणून शीटवरच्या डेट स्लिपा (डेट म्हणजे तारीख नव्हे, डिटर्मिनेशन) वाचा, म्हणजे नंतरच्या तज्ज्ञांनी चिकटवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी कुणाची, कुठल्या वर्षाची, हे तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा. बटरकपची ओळख बुडाची पानं आणि पिकलेली फळं यांवर ठरते. नुसतं फूल आणि वरची दोन पानं असलेल्या शीटवर कुणी ठामपणे जात लिहिली असेल तर मी तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवतो, लिहिणारा कितीही मोठा असो.

हावड्याचं सेंट्रल नॅशनल हर्बेरियम आणि डेहराडूनचे दोन्ही संग्रह, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा आणि वनसंशोधन संस्थेचा, शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन बघा. जुन्या शीटांना कीड लागू नये म्हणून पाऱ्याचं विषारी मीठ लावलेलं असतं. हातमोजे घाला, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका.

आता मूळ मुद्दा: नवे नमुने वर का निघाले? जुने लोक घोडे आणि याक घेऊन दऱ्यांतून चालत, मुक्काम पाण्याकाठी करत आणि मुक्कामाच्या आसपास गोळा करत. खिंड ओलांडायची ती वारा सुटायच्या आत, घाईने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राल्फ स्ट्यूअर्ट लडाखमध्ये हिंडला, १९१६-१७ मध्ये त्याने तिथल्या वनस्पतींची यादी छापली. १९३० च्या दशकात वॉल्टर केल्त्स आणि लाहुलचे ठाकूर रूपचंद यांनी लाहुल, स्पिती, लडाखमधून प्रचंड संग्रह केला. हे सगळे चालणारे लोक. मग मोटाररस्ते आले, १९७४ मध्ये लडाख परदेशी प्रवाशांना खुला झाला. आज अभ्यासकाची गाडी कुठे थांबते? खारदुंग ला, चांग ला, तांगलांग ला. पाच हजार मीटरच्या वर माणूस काही तासांत पोचतो, पाय मोकळे करायला उतरतो आणि तिथल्या ओलीत दिसलेलं बटरकप नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये घालतो. नोंदींची सरासरी वर जायला एवढं पुरेसं आहे.

रिकाम्या जागांचंही तसंच. सीमेलगतच्या पट्ट्यात परवाने लागतात, काही भागांत जाताच येत नाही. तिथे ठिपके नाहीत याचा अर्थ तिथे रोपं नाहीत असा घेऊ नका. फुलण्याच्या तारखांकडे वळायचा विचार असेल तर तिथेही हीच अडचण: खिंडी उघडल्यावरच माणूस आत शिरतो, त्यामुळे सगळ्या शीटा जुलै-ऑगस्टच्या आसपास गर्दी करतात.

चराईचाही विचार करा. ताजं बटरकप तिखट, तोंड भाजणारं असतं, जनावरं ते टाळतात. भोवतालचं गवत चरलं गेलं की ते उठून दिसतं, पसरतंही. एखाद्या डोकसाजवळ, म्हणजे उन्हाळी गोठ्याजवळ, ते आज भरपूर असेल तर त्याचं कारण तापमानात शोधण्याआधी मेंढ्या कुठे चरतात ते तिथल्या माणसांना विचारा.

मग करायचं काय? प्रश्न लहान करा. सगळ्या लडाखची सरासरी सोडून द्या. ज्या जुन्या नोंदींची जागा एखाद्या दरीपर्यंत, एखाद्या झऱ्यापर्यंत खात्रीने नेता येते, अशा पाच-सात निवडा. प्रत्येकीला अनिश्चिततेची त्रिज्या द्या, आडवी आणि उभी दोन्ही. तीस अंशांच्या उतारावर आडवं एक किलोमीटर चुकलात तर उंचीत पावणेसहाशे मीटर चुकता, हे लक्षात ठेवून. जागांची नावं जुळवायला वेळ लागेल: स्पितीचं ‘पिटी’, किन्नौरचं ‘कुनावर’, रुपशूचं ‘रुपचू’, त्सो मोरिरीची तर किती रूपं. आणि मग त्या जागी जाऊन ओढ्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत दर पन्नास मीटर उंचीला पाहा, रोप आहे की नाही. ‘नाही’ही लिहा. जुन्या नमुन्यांत कधीच नसते ती ही माहिती.

वर सरकण्याचा पुरावा कसा दिसतो याचा उत्तम नमुना लडाखमध्येच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात चेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने ६,१५० मीटरवर फुलझाडांच्या सहा जाती नोंदवल्या, एवढ्या उंचीवर रुजलेल्या. ते स्वतः तिथे उभे राहिले, रोपांची वयं तपासली, मुळांतल्या साखरेपर्यंत गेले, मातीचं तापमान मोजलं. त्या सहांत बटरकप नाही. त्या कोरड्या खडीत ते कुठून असणार?

रोप कुठे वाढू शकेल याचं मॉडेल संगणकावर केलं असेल आणि त्यात वार्षिक पावसाचा थर घातला असेल तर तो काढा, किंवा निदान त्यावरून निष्कर्ष काढू नका. एक किलोमीटरच्या चौकोनाला दोन पावलांची स्पांग दिसत नाही. तो म्हणेल, या रोपाला १०० मिलिमीटर पाऊस पुरतो. लेबलवर मात्र ‘ओढ्याकाठी’, ‘वितळत्या बर्फाशेजारी’, ‘ओल्या कुरणात’ असे दोन-तीन शब्द अनेकदा असतात आणि डेटाबेसमध्ये भरताना तेच गळतात. ते शब्द तक्त्यात परत आणा. माझ्या मते तुमचा प्रबंध तिथेच आहे: पाण्याचा स्रोत हिमनदी, टिकून राहिलेला बर्फ की झरा, आणि त्यांतला कुठला आटतोय.

स्वतः नमुना घ्याल तेव्हा वनविभागाची परवानगी आधी काढा. पन्नास रोपं असतील तिथेच एक घ्या, बुडाच्या पानांसह, शक्य तर फुलं आणि फळं दोन्ही असलेलं. लेबलवर पाणी कुठून येतं, जमीन पायाखाली दबते की नाही, जवळच्या कोरड्या खडीपर्यंत किती पावलं, हे लिहा. आणि जाण्याआधी तुमच्या यादीतल्या ज्या शीटांवर दोन किंवा अधिक डेट स्लिपा आहेत, त्यांचे फोटो मला पाठवा. बुडाची पानं स्पष्ट दिसतील असे. सुरुवात त्यांच्यापासून करू.